बंडा वस्तादांची कॅसेट

"...मग पुसून टाकू का, वस्ताद?"

रणधीरची नजर जमिनीकडे होती. बंडा वस्ताद तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून तांबड्या मातीत ताक मुरवत होते.

रणधीर त्यांचा जुना पठ्ठ्या. आता कोल्हापुरात त्याचं दुकान होतं. लोकांच्या लग्नाबारशांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींतलं चित्रण तो वाचवून द्यायचा. उद्या तालमीचा वर्धापनदिन. त्यासाठी वस्तादांनीच ट्रंकेतून एक कॅसेट काढून त्याच्या हातात ठेवली होती. कुठल्याशा जत्रेतली, त्यांच्या तरुणपणची कुस्ती.

फितीवर पांढरी बुरशी चढलेली. रणधीरनं कॅसेट खोलली, फीत वीत वीत करून मऊ फडक्यानं पुसली. मशीन सारखं अडायचं. हा साफ करायचा, पुन्हा लावायचा. आपल्या वस्तादांची पाठ कधी मातीला लागली नाही, हे तो आजवर छाती फुगवून सांगत आला होता. आता चारचौघांत दाखवायला पुरावा मिळणार होता.

शेवटी चित्र आलं... आणि त्यात वस्ताद चितपट झाले.

आता त्याचा प्रश्न ऐकून वस्ताद उठले. हात धुतले.

"आधी लाव तर."

रणधीरनं लॅपटॉप उघडला. तरणेबांड वस्ताद शड्डू ठोकत आखाड्यात उतरले. समोर मिसरूडही न फुटलेलं एक पोरगं. खडाखडी झाली... पोरानं ढाकेचा डाव लावला, आणि वस्ताद उताणे.

म्हातारा खदखदून हसला. काय ढाक बसलीय म्हणून मांडीवर थाप मारली. जोर काढणाऱ्या सगळ्या पोरांना हाक मारून बोलावलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पडले, पुन्हा हसले. त्या पोरानं पाय कुठे घातला ते बोट ठेवून दाखवलं. उद्या मोठ्या पडद्यावर हीच दाखवायची, असंही सांगून टाकलं. पोरंही खुशीत आली.

रणधीरचे कान मात्र तापले होते.

"वस्ताद, हरलेली कुस्ती कुणी एवढी जपून ठेवतं का?"

वस्तादांनी हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसलं. पडद्यावरच्या उताण्या गड्याकडे बघितलं...

"पडलो तवा वर अस्मान दिसलं हुतं, रणधीर. तेवढंच घ्यायचं राहिलं बघ कॅमेरेवाल्याचं."