चूलदेवाच्या ओठांवरचा पाक

चीन देशातल्या एका नदीकाठच्या गावात, फार वर्षांपूर्वी, एक म्हातारी अंगणात कोबीची पानं वाळत घालत होती. थंडी होती, ऊन बरं होतं, दिवस रोजच्यासारखाच होता. तेवढ्यात एक नावाडी मागच्या दारी आला. चुलीपाशी बसलेल्या सुनेशी तो हळूच दोन शब्द बोलला, तिच्या हातात एक बोचकं दिलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

“कोण होता गं?” म्हातारीनं विचारलं.

“वाट चुकला होता, आई.”

नावाडी कधीपासून वाट चुकायला लागले, असं म्हातारीच्या मनात आलं. तिचा एकुलता एक मुलगा मिठाच्या होडीवर कामाला गेला होता आणि नव्या वर्षाच्या सणाला परत यायचा होता. त्यानंच काहीतरी पाठवलं असणार, आणि हिनं ते दडवलं असणार. म्हातारीची खात्रीच झाली.

त्या दिवसापासून ती सुनेवर नजर ठेवू लागली. सून धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला नदीवर नेई. परतताना डोळे लाल असत. विचारलं तर म्हणे, धूर गेला.

“नदीवर कुठली आली चूल?” म्हातारी शेजारणीला म्हणाली.

“बघ बाई,” शेजारीण म्हणाली. “आमची मांजर दूध पिऊन आली की असाच चेहरा करते.”

त्या देशात घरोघरी चुलीमागे चूलदेवाचं चित्र लावतात. वर्षभर तो घरातलं सगळं बघतो, सगळं ऐकतो. नवं वर्ष आठवड्यावर आलं की ते चित्र जाळून त्याला स्वर्गात पाठवायचं. तिथं तो त्या घराची हकिगत सांगतो. त्यानं गोड बोलावं, आणि नको ते बोलायला गेलाच तर दात चिकटावेत, म्हणून निघण्याआधी त्याच्या ओठांना साखरेचा चिकट पाक लावतात.

तो दिवस आला. सुनेनं एक बोट पाक लावला, मग दुसरं, मग तिसरं. ओघळ देवाच्या दाढीपर्यंत आला.

“तोंड शिवतेयस का त्याचं?” म्हातारी म्हणाली.

“गोड लागेल त्याला.”

“मी चाळीस वर्षं नुसता ठिपका लावत आले. लपवायला काही नव्हतं माझ्याकडे.”

सून पाणी आणायला गेली. म्हातारीनं ओला फडका घेतला आणि देवाचे ओठ लख्ख पुसले. “देवा, वर जाऊन सगळं सांग,” ती म्हणाली. “या घरातला चोर कोण, ते मलाही कळू दे.”

मागं वळून बघते तो सून दारात उभी.

“त्या बोचक्यात काय होतं?”

“सण होऊ द्या, आई. मग सांगते.”

“आत्ता सांग. नाहीतर सणाला या घरात राहू नकोस.”

सुनेनं पाण्याची घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “तांदूळ निवडून ठेवलेत. गुडघ्याला तेल लावायला विसरू नका.” आणि ती नदीपलीकडे माहेरी निघून गेली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरातली सगळी माणसं एकत्र जेवतात. जो वाटेत असेल त्याचीही वाटी मांडतात. म्हातारीनं दोनच वाट्या मांडल्या, एक आपली आणि एक मुलाची. दुपारी दार वाजलं. पाहते तर तोच नावाडी.

“आजी, सणाचं म्हणून दोघींची चौकशी करायला आलो. सूनबाई कुठं आहेत?”

“हाकलली. बोचक्यात काय होतं ते आता तूच सांग.”

नावाडी उंबऱ्यावरच बसला. “तुमच्या मुलाचा कोट होता, आजी. वर नदीच्या घळीत होडी उलटली. कोटच तेवढा हाती लागला. मी तुम्हालाच सांगायला आलो होतो. सूनबाई म्हणाल्या, आईंना हा एक सण त्याची वाट बघत करू द्या, नंतर मी सांगेन.”

म्हातारीनं अंगावर शाल घेतली आणि म्हणाली, “मला पलीकडे सोड.”

लग्न झालेल्या मुलीनं हे जेवण माहेरी जेवू नये, असा तिकडचा रिवाज. म्हातारीला तो ठाऊक नव्हता असं नाही. सून तिला गोठ्यात सापडली. भावजयीनं तिची वाटी तिथंच आणून दिली होती.

सासूचा चेहरा बघून सून समजली. “देवानं वर काय सांगितलं असतं, याची मला भीती नव्हती, आई,” ती म्हणाली. “नावाडी चुलीपाशीच बोलला होता. ते देवानं ऐकलं होतं. जाता जाता त्यानं ते तुमच्या कानावर घालू नये, म्हणून एवढा पाक लावला.”

म्हातारीनं तिचा हात धरला आणि तिला होडीपर्यंत आणलं. घरी जेवण गार झालं होतं. सुनेनं दडवलेला कोट काढला, आणि तो मध्ये ठेवून दोघी ते जेवल्या.

तात्पर्य इतकंच: कुणी काही लपवताना दिसलं, तर ते कुणासाठी लपवतंय हे आधी विचारावं, आणि आपलं चुकलं असेल तर तसं तोंडानं सांगावं. म्हातारी त्यानंतर नऊ वर्षं जगली, सुनेच्या हातचं जेवली, पण तेवढं सांगायचं मात्र तिच्याकडून राहूनच गेलं.