छत्रीवाला माणूस

एका गावात एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात एक भोळा बांधकाम अधिकारी होता. नाव नरहरी खडतरे. आधी तो मुलांच्या वसतिगृहाची कोठी सांभाळायचा. तूरडाळ आणि तांदूळ यांच्याशी त्याचं छान जमत होतं. पण जुने बांधकाम अधिकारी निवृत्त झाले आणि त्या खुर्चीत बसायला दुसरं कोणी तयार होईना. तेव्हा कुलगुरू मॅडमनी नरहरीला बसवलं, पण वर्षभराच्या बोलीवर. नवी अभ्यासिका नीट उभी राहिली तर कायम, नाहीतर परत कोठीत. नरहरीनं 'बांधकाम अधिकारी' अशी पाटीसुद्धा रंगवून घेतली. ती कायम झाल्यावर दाराला लावायची म्हणून कॉटखाली ठेवली होती.

नरहरीकडे एक वही होती. मॅडम जे सांगतील ते तो तिच्यात लिहून घ्यायचा. "माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते," तो सगळ्यांना सांगायचा, "आणि तीसुद्धा उभी राहते, बसत नाही."

पहिला आर्किटेक्ट नेमला तेव्हा नरहरीला वाटलं, अधिकारी म्हणजे सूचना करणारा. त्यानं जिना उजवीकडचा डावीकडे न्यायला लावला, मग मधोमध, मग आचाऱ्याच्या सल्ल्यानं मागच्या बाजूला. चौथ्यांदा जिना हलवायची वेळ आली तेव्हा आर्किटेक्टच हलला. त्यानं राजीनामा टपालानं पाठवला.

मॅडमनी नरहरीला समोर उभं केलं. ज्याचं काम त्याला करू द्यावं, आर्किटेक्टनं कागदावर जे काढलंय ते तसंच्या तसं उभं राहिलं पाहिजे, एक रेघ इकडची तिकडे होता कामा नये, असं त्यांनी समजावलं. नरहरीनं वहीत लिहिलं आणि म्हणाला, "चूक माझीच मॅडम. मी पक्का बैल आहे."

मग रेवती दाभोळे नावाच्या आर्किटेक्ट नेमल्या. ताई हुशार होत्या. त्यांनी अभ्यासिकेचं रंगीत चित्र काढून दिलं. इमारत कशी शोभेल हे कळावं म्हणून पुढे दोन झाडं, एक कुत्रं आणि छत्री घेऊन चाललेला एक माणूस काढला. ही त्यांच्या धंद्यातली रीतच. चित्रावर चहाच्या कपाचा एक गोल डागही पडला होता.

महिनाभरानं मॅडम पाहायला आल्या. पाया अजून कंबरेइतकाच वर आला होता, पण दोन झाडं मुळासकट आणून लावलेली होती. एक कुत्रं दोरीला बांधलं होतं. निवृत्ती नावाचे म्हातारे माळी भर उन्हात छत्री धरून उभे होते, आणि दारासमोर, बरोब्बर डागाच्या जागी, विटांचा गोल कट्टा बांधून झाला होता.

मॅडमनी कुत्रं सोडलं, निवृत्तीमामांना घरी पाठवलं आणि नरहरीला ऑफिसात बोलावलं. कळलं नाही तर विचारायचं. इंजिनिअरची लेखी सही असल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. नरहरीनं लिहून घेतलं. "बैल म्हणालो ते चुकलं मॅडम," तो म्हणाला. "बैलाला निदान वळता येतं."

पंधरा दिवसांनी पाण्याची पाइपलाइन फुटली. कारंजं उडालं. कॉक नरहरीच्या पायाशी होता. नरहरीनं त्याला हात लावला नाही. त्यानं अर्ज लिहिला, 'कॉक बंद करणेबाबत', आणि सायकलवर टांग टाकून इंजिनिअर तांबोळींच्या घरी गेला. तांबोळी जेवत होते. त्यांचं जेवण होईपर्यंत नरहरी अदबीनं ओसरीवर बसला. सही घेऊन परत आला तोवर सिमेंटची सगळी पोती भिजून दगड झाली होती.

मॅडम म्हणाल्या, पाणी वाहताना दिसलं की आधी कॉक बंद करायचा, मग माणूस शोधायचा. नरहरीनं जाड अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पुढे छताचा स्लॅब टाकला. मे महिना होता. नव्या स्लॅबला पाणी मारावं लागतं, म्हणून तांबोळींनी वर पाइप सोडून ठेवला होता. नरहरीला पाणी वाहताना दिसलं. त्यानं कॉक बंद केला आणि माणूस शोधायला गेला. माणूस सापडला, त्यानं पाणी सुरू केलं. नरहरीनं पुन्हा बंद केलं. आठवडाभर असं चाललं, आणि स्लॅबला केसासारख्या चिरा पडल्या. गच्चीवर नवा थर घालावा लागला.

या वेळी तांबोळी स्वतःच मॅडमकडे गेले. एकतर नरहरी राहील नाहीतर मी, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी त्यांना कसंबसं शांत केलं आणि नरहरीला बजावलं, "खडतरे, एकवीस दिवस वरचं पाणी थांबता कामा नये. काहीही होवो."

"कोणी थांबव म्हणालं तर?"

"कोणीही म्हणो."

नरहरी त्या रात्री जेवला नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करतात हे तो रोज बघत होता, आणि त्यांना अभ्यासिका मिळावी असं विद्यापीठात त्याच्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकाऐवजी दोन पाइप लावले.

पाहुण्यांच्या सोयीनं उद्घाटन विसाव्या दिवशी ठरलं. पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि पंख्यांच्या हुकांतून धार लागली. आधी पाहुणे भिजले, मग मॅडम, मग हारतुरे. तांबोळी गच्चीकडे धावले, तर जिन्यात नरहरी वही उघडून आडवा उभा होता. "उद्यापर्यंत नाही साहेब," तो म्हणाला. सगळ्या अभ्यासिकेत कोरडे राहिले ते फक्त निवृत्तीमामा. ते पेढे मिळतील म्हणून आले होते आणि सवयीनं छत्री घेऊन आले होते.

मॅडम त्याला त्याच दिवशी कोठीत धाडणार होत्या. रेवतीताईंनी अडवलं. "माणूस वाईट नाही," त्या म्हणाल्या. "त्याला फक्त कुठं उभं राहायचं ते नीट काढून दिलं पाहिजे."

पुढची इमारत प्रयोगशाळेची होती. ताईंनी तिचं चित्र काढलं. इमारतीपासून लांब, पार कुंपणाच्या कोपऱ्यात, छत्रीवाला एक माणूस काढला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'खडतरे'. नरहरीनं चित्र बघितलं, वहीचं पहिलं पान उघडून 'एक रेघ इकडची तिकडे नको' पुन्हा वाचलं, आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. रोज दहा ते पाच तिथंच. कशाला हात नाही, कोणाला सूचना नाही. प्रयोगशाळा वेळेत उभी राहिली. एकही चीर नाही, एकही गळती नाही. तांबोळी तर त्याला लांबून हात करायला लागले. विद्यापीठाच्या इतिहासात असं बांधकाम झालं नव्हतं.

वर्षाच्या बोलीचा शेवटचा दिवस आला. मॅडमनी मोठ्या मनानं नरहरीला कायम करायचा आदेश काढला. त्यावर त्याची सही त्याच दिवशी पाचच्या आत व्हायला हवी होती, नाहीतर आदेश रद्द आणि नरहरी कोठीत. शिपाई दोनदा बोलावून आला, पण नरहरी जागचा हलेना. शेवटी मॅडम स्वतः कागद आणि पेन घेऊन कुंपणापर्यंत चालत गेल्या.

"खडतरे, अभिनंदन," त्या म्हणाल्या. "इथं सही करा. तुम्ही कायम झालात."

नरहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कॉटखालची पाटी आठवली. पण तो तसाच उभा राहिला.

"मॅडम, माझ्यासारख्या बैलाला तुम्ही माणूस केलंत. पण सही कशी करू? चित्रात एक हात छत्रीला आहे आणि दुसरा खिशात आहे. तेवढा हात ताईंकडून बाहेर काढून आणा, लगेच करतो."

ताई त्या दिवशी पुण्याला गेल्या होत्या, आणि पाचला दहा मिनिटं कमी होती.