शेंगांच्या चाळणीत ग्रंथशाळा

आंबेखिंडीच्या रणधवल महाराजांनी हुकूम काढला आणि भल्याभल्यांची बोबडी वळली. हुकूम असा: ग्रंथशाळेतला कागदन् कागद चाळावा, वाईट निघेल तो जाळावा, मात्र चाळताना कुणी एक अक्षर वाचू नये. वाचेल त्याच्या डोळ्यांत तिखट! का, तर वाईट वाचलं की माणूस बिघडतो, आणि बिघडलेली माणसं महाराजांना राज्यात नको होती. तोवर गावासाठी ग्रंथशाळेच्या दाराला कुलूप, आणि चार दिवसांत काम झालं नाही, तर सबंध ग्रंथशाळाच पेटवायची.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, तेही ऐका. ग्रंथशाळेचे नारोशास्त्री रोज दुपारी ओसरीवर बसून गावाला गोष्टी वाचून दाखवायचे. एकदा महाराजांची पालखी तिथून चालली होती, आणि नेमकी तेव्हाच एका मठ्ठ राजाची गोष्ट रंगात आली होती. माणसं पोट धरधरून हसत होती. आता गोष्टीतला राजा कुठला तरी साता समुद्रांपलीकडचा, त्याला तीन बायका आणि एकच कान. पण चोराच्या मनात चांदणं! महाराजांनी पालखीतच आपले दोन्ही कान चाचपले आणि राजवाड्यात पोचल्या पोचल्या हुकूम लिहिला.

हे काम अंगावर घेणार कोण? प्रधानजींची अचानक कंबर धरली. राजपुराणिकांना त्याच सकाळपासून दिसेनासं झालं, जेवणाचं ताट मात्र बरोबर सापडत होतं. शेवटी घोंगडं नारोशास्त्र्यांच्याच गळ्यात पडलं. बिचारा म्हातारा राजवाड्याच्या कोठीघरापाशी आला, पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

कोठीघरात गोजरा धान्य चाळत होती. वीस वर्षं तिचं तेच काम. तिला अक्षरओळख नव्हती, पण शास्त्रीबुवांची दुपार तिनं कधी चुकवली नव्हती. नवरा गेला, लेक सासरी गेली. दिवसभराच्या धुळीत तेवढी घटका तिला स्वतःची वाटायची. ग्रंथशाळा जळणार हे ऐकून तिनं हातातली चाळण खाली ठेवली. मग तिला राग आला, आणि राग आला की गोजराचं डोकं फार चांगलं चालायचं. तिनं म्हाताऱ्याला पाणी दिलं आणि हुकूम दोनदा म्हणवून घेतला.

“चाळावा, असंच लिवलंय न्हवं?” तिनं विचारलं.

“हो गं बाई. चाळणं म्हणजे पानं उलटून...”

“पानं लिवलंय का त्यात?”

शास्त्रीबुवांनी हातातला हुकमाचा कागद पुन्हा पाहिला. पानांचं नाव नव्हतं.

“मग रडताय कशापायी? हे वाचणाऱ्याचं कामच न्हाई, बुवा. हे माझं काम हाय.”

दुसऱ्या दिवशी ग्रंथशाळेच्या अंगणात ही गर्दी! गोजरा पदर खोचून बसली होती. हातात शेंगा चाळायची मोठी चाळण, करंगळी जाईल एवढ्या भोकांची. शास्त्रीबुवा आतून एकेक ग्रंथ आणून चाळणीत ठेवत, गोजरा तो खळाखळा हलवी आणि बाजूला ठेवून पुढचा मागवी. वैद्यकाचे ग्रंथ झाले, प्रवासवर्णनं झाली, एककानी राजाही दोन-चार गचके खाऊन वर सहीसलामत राहिला. अशात महाराज प्रधानजींना घेऊन तिथे येऊन थडकले. हा काय पोरखेळ, म्हणून त्यांनी दरडावून विचारलं.

“चाळतीया, सरकार. हुकूम हाय.”

असलं चाळणं आपण म्हटलंच नव्हतं, असं महाराज ओरडले. तेव्हा गोजरानं शांतपणे समजावलं, की दुसऱ्या तऱ्हेनं चाळायचं तर अक्षर डोळ्यांत जाणारच, मग तिखट घालावं लागणार, आणि कोठीत तिखट उरलंय जेमतेम दोन शेर. गर्दीत कुणीतरी फिसकन् हसलं. महाराजांनी मिशीला हात घातला. मग वाईट काय ते कळणार कसं, एवढंच त्यांनी विचारलं.

“शेंगा चाळल्या की शेंगा वर ऱ्हात्यात, माती खाली पडती. तसंच. खाली पडंल त्ये वाईट, त्ये जाळायचं. हाय कबूल?”

लोकांसमोर नाही कसं म्हणणार? महाराजांनी मान डोलावली आणि खुर्ची मागवली.

ऊन उतरलं तेव्हा शेवटचा ग्रंथ चाळून झाला. सगळेच्या सगळे वर! महाराज खवळून उठले. म्हणजे खाली काहीच पडलं नाही?

“पडलं की,” गोजरा म्हणाली. चाळणीखालच्या मातीतून तिनं कागदाची एक बारीकशी सुरळी उचलली. “एवढं एकच पडलं.”

प्रधानजींनी झडप घालून ती घेतली, अर्धी उलगडली, आणि तिखट आठवून डोळे घट्ट मिटून घेतले. महाराजांनी ती त्यांच्या हातातून हिसकावली.

“सरकार, वाचू नगा!” गोजरा ओरडली. “वाईट निघालंय त्ये. बिघडाल!”

महाराजांनी वाचलं. खाली त्यांचीच मोहोर होती. तो त्यांचाच हुकूम होता.

 हा कागद ग्रंथशाळेतला नव्हे, असं महाराज कसेबसे म्हणाले.

“सरकारांनीच धाडला न्हवं ग्रंथशाळेत? कागदन् कागद चाळा म्हनलात. त्येवढाच एक ठिवला असता, तर हुकूम मोडला असता.”

महाराजांची मिशी थरथरली. लोकांना वाटलं, आता मुंडकं उडतं. पण आधी पोट हललं, मग खांदे हलले आणि मग महाराज असे हसले, असे हसले, की खुर्चीचा एक पाय मोडला. हसत हसतच त्यांनी ग्रंथ जाळायला आणून ठेवलेल्या मशालीला स्वतःच्या हातानं हुकूम लावला आणि गोजराला म्हणाले, “माग काय हवं ते.”

“ग्रंथशाळेच्या दाराचं कुलूप द्या.”

“कुलूप? ते घेऊन काय करणार?”

“माझ्या खुराड्याला लावीन, सरकार. गोष्टी कुणी नेल्या तरी सरत न्हाईत, कोंबड्या सरत्यात.”