पाचातली जागा

नदीकाठच्या एका जंगलात एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. मुलांनो, आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट सांगताना मला राग येतो. गोष्ट सांगणाऱ्याने रागावू नये असे म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या जंगलात पिल्लांसाठी एक विद्यालय होते आणि त्या विद्यालयाचा खेळ पंचक्रोशीत गाजलेला होता. उंबराच्या उंच फांदीला बूड नसलेली एक बांबूची टोपली टांगायची. पाच जणांनी एकमेकांकडे कवठ फेकत फेकत ते तिच्यापर्यंत न्यायचे आणि वरून आत टाकायचे. समोरच्या जंगलाचे पाच जण ते मध्येच हिसकावून आपल्या टोपलीकडे पळवणार. खेळ एवढाच, पण वैशाखात सामने लागले की दहा जंगले ओस पडत आणि सगळे प्राणी या मैदानाभोवती येऊन बसत.

विद्यालयाची एक जुनी रीत होती. पहिल्या वर्षी मैदान झाडायचे आणि लांब गेलेली कवठे आणून द्यायची. दुसऱ्या वर्षी एखाद्या मोठ्या खेळाडूच्या समोर उभे राहून शिकायचे. तिसऱ्या वर्षी पाचात जागा मिळायची. या रीतीबद्दल कोणाची कुरकूर नव्हती, कारण झाडणाऱ्याला जागा मिळते हे प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते.

शेकरूने पहिले वर्ष शेपटीने मैदान झाडले. दुसऱ्या वर्षी ती चौशिंग्यासमोर उभी राहिली. चौशिंगा हे चार शिंगांचे हरिण, त्या विद्यालयातला सर्वांत जाणता खेळाडू. तो तिला आंधळी फेक शिकवायचा. "मान वळवलीस की समोरच्याला कळलंच," तो म्हणायचा. "माझ्याकडे बघू नकोस. मी कुठे असेन ते तुला ठाऊक पाहिजे." टणक कवठ झेलून झेलून शेकरूची बोटे सुजत. पण वर्ष संपता संपता ती पाठमोरी उभी राहून कवठ फेकायची आणि ते नेमके चौशिंग्याच्या छातीशी पोहोचायचे. आता फक्त एक पावसाळा मध्ये होता. मग पाचात तिची जागा.

आता मधाची गोष्ट ऐका. सामना बघायला येणाऱ्या प्रत्येकाने एक द्रोण मध आणायचा असा नियम होता. हजारो प्राणी, हजारो द्रोण. हा सगळा मध विद्यालयाचे प्रमुख अस्वलगुरुजी यांच्या गुहेत जायचा. खेळणाऱ्यांना मिळायची मूठभर जांभळे. कोणी विचारलेच तर गुरुजी ओठांवरचा मध चाटत म्हणायचे, "खेळ ही विद्या आहे बाळांनो. विद्येचं मोल करायचं नसतं." मऊ लागले की कोपराने खणायचे, ही गुरुजींची जुनी सवय. शेकरूच्या त्या दुसऱ्या वर्षी शेवटच्या सामन्यात चौशिंग्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याच्याकडे दोन मुठी हिरवा चारा आणि तोंडभर आशीर्वाद पाठवले. तो पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही.

तेव्हा मात्र दहाही जंगलांतले खेळाडू मैदानात ठिय्या देऊन बसले. अखेर हत्तींच्या सभेने निकाल दिला : मधातला वाटा खेळणाऱ्यांना मिळालाच पाहिजे आणि ज्याला वाटेल त्याला आपले विद्यालय सोडून दुसऱ्या जंगलात जाता आले पाहिजे. मुलांनो, निकाल चांगला होता. अगदी न्यायाचा होता. घाम गाळणाऱ्याच्या पोटात दोन घास गेले तर वाईट वाटण्याचे कारण नाही, आणि ज्यांना वाईट वाटले त्यांची पोटे आधीच भरलेली होती. वाईट झाले ते पुढे.

निकाल कानावर पडताच एक कोल्हा हजर झाला. त्याने जन्मात कधी कवठ हातात धरले नव्हते. तो खेळाडूंना म्हणाला, "तुम्ही भोळे. घासाघीस मी करतो. दहा द्रोणांतले दोन माझे." आणि गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, तीन तीन वर्षं कशाला शिकवत बसता? तयार माल आणून देतो. फळाची टोपली बाजारात मिळत असताना रोप लावून वाट कोण बघतं?"

गुरुजींना हे फारच पटले. शिकवण्याचा त्यांना मुळातच कंटाळा होता.

पावसाळा सरला. विद्यालय उघडले त्या दिवशी शेकरू उजाडताच मैदानावर आली. उंबराखाली, तिच्या जागेवर, लांब हातांचा एक धिप्पाड हुप्प्या वानर उभा होता.

"हा डोंगरापलीकडच्या जंगलातून आलाय," गुरुजी म्हणाले. "वीस द्रोण दिलेत त्याला."

"पण गुरुजी, यंदा माझी पाळी होती."

"पाळीबिळी जुन्या काळात, बाळ. जागा काही कोणाच्या नावाने कोरून ठेवलेली नसते. आणि तुलाही मोकळीक आहेच की! हत्तींचा निकाल सगळ्यांना लागू आहे. जा, हव्या त्या जंगलात जा. तुला इथं अडवलंय कोणी?"

बघा हं, दार उघडे आहे असे सांगता सांगताच तिला दाराबाहेर काढले. जी मोकळीक खेळाडूंनी उन्हात बसून मिळवली, तीच गुरुजींनी तिच्या हातात नारळासारखी ठेवली आणि हसून निरोप दिला.

तीन जंगलांच्या शिवेवर एक फाटा होता. तिथे पळसाच्या झाडाखाली विद्यालय सोडलेले खेळाडू बसत आणि कोल्हा त्यांच्यातून एकेकाला निवडून नेई. शेकरू तिथे गेली.

"सामन्यात किती टोपल्या टाकल्यास?" कोल्ह्याने विचारले.

"एकही नाही. मी अजून सामना खेळले नाही. खेळायची पाळी यंदा येणार होती."

"मग तुला कोण विचारणार?"

"मला आंधळी फेक येते. एक कवठ द्या, दाखवते."

"येते म्हणणारे इथं पन्नास बसलेत," कोल्हा जांभई देत म्हणाला. "बस तिकडे. निरोप आला तर सांगतो."

खरोखरच पन्नास बसले होते. पाच द्रोणांच्या आशेने स्वतःचे विद्यालय सोडून आलेला ससा होता. त्याचे पाच द्रोण कुठे अडले ते कोल्ह्यालाच ठाऊक. एकाच वर्षात तीन जंगले फिरलेले मुंगूस होते. तिघांनीही त्याला परत पाठवले होते. मोठ्या जंगलांचे लोक येत, कोणाचे हात किती लांब आहेत ते बघत, मांड्या चाचपत आणि दोघांना घेऊन निघून जात. उरलेले पुन्हा पळसाखाली बसत आणि "उद्या नक्की" असे एकमेकांना सांगत. ससा आपल्या जुन्या विद्यालयात परत जाऊन बघून आला होता. तिथे त्याच्या जागी दुसरा ससा होता.

शेकरू दिवसामागून दिवस तिथे बसली. थंडी गेली, पळस फुलून गळला. एकदा चौशिंगा लंगडत लंगडत तिला शोधत आला.

"परत चल," तो म्हणाला.

"कुठे, दादा?" शेकरूने विचारले.

चौशिंगा तिच्याशेजारी बसला. मग दोघे रोज पळसामागे कवठ फेकत राहिले. बघायला तिथे कोणीच नव्हते.

वैशाख आला. सामने सुरू झाले आणि नदीकाठचे विद्यालय जिंकत सुटले. उगाच खोटे कशाला बोलू, हुप्प्या खेळायचा फार छान. मैदानाच्या अर्ध्यातून तो कवठ टोपलीत टाकायचा. बाकीचे चौघेही चार जंगलांतून आणलेले. त्यांना एकमेकांची नावे धड ठाऊक नव्हती. तरी ताकद भरपूर असल्याने निभावून जात होते. गुरुजी हसतमुखाने द्रोणांची रास बघत फिरत होते.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी समोरच्या जंगलाने हुप्प्याला तीस द्रोण देऊ केले. निरोप अर्थात कोल्ह्यानेच पोहोचवला. हुप्प्याने अंग झटकले, नदीवरच्या दोन फांद्या ओलांडल्या आणि पलीकडच्या पाचात जाऊन उभा राहिला. निकालाप्रमाणे त्याला कोणी अडवू शकत नव्हते.

इकडे उरले चौघे. मैदानाभोवती दहा जंगले येऊन बसलेली, मधाची रास कधी नव्हे एवढी उंच. गुरुजींच्या तोंडचे पाणी पळाले. वर्षभर ज्या फाट्याकडे ते फिरकले नव्हते, तिकडे ते धापा टाकत धावत सुटले.

"शेकरू! बाळ शेकरू! चल लवकर," ते लांबूनच ओरडले. "तुझी जागा रिकामी आहे बघ!"

खरे सांगतो, त्या क्षणी तिचे चारही पाय निघाले होते. ती झाडावरून सरसर खाली उतरलीसुद्धा. तीन वर्षे ती याच एका हाकेसाठी जगली होती. पण गुरुजींसमोर आल्यावर तिने एकच गोष्ट विचारली.

"आणि पुढच्या वर्षी, गुरुजी? तेव्हा ही जागा कोणाची?"

गुरुजींनी आधी पळसाखाली बसलेल्या कोल्ह्याकडे बघितले. मग म्हणाले, "ते पुढचं पुढे बघू गं. आज विद्यालयाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"मग वीस द्रोण द्या," शेकरू म्हणाली. "हुप्प्याला दिले तेवढे."

"द्रोण?" गुरुजींनी कपाळाला हात लावला. "तू द्रोण मागतेस? अगं, ज्या विद्यालयाने तुला घडवलं त्याची काही माया आहे की नाही तुला?"

"मला घडवलं चौशिंगादादाने. त्याचा पाय मोडला तेव्हा तुम्ही चारा पाठवलात," शेकरू म्हणाली. "गुरुजी, माझ्याकडे माया होती तेव्हा तुम्ही मला किंमत विचारलीत. आज मी किंमत सांगितली तर माया विचारता!"

गुरुजींनी मान खाली घातली. ते विचारात पडले. त्यांना लाज वाटली असेल, असे चौशिंग्याला वाटले. मग गुरुजींनी मान वर केली आणि म्हणाले, "बरं, बारा देतो."

शेकरूने त्यांच्याकडे एकदा नीट बघितले आणि ती पळसावर चढून गेली.

सामना चौघांनी खेळला. एकाने कवठ फेकावे तर घ्यायला तिथे कोणी नसे, दुसऱ्याने पुढे धावावे तर त्याच्याकडे कोणी बघत नसे. हुप्प्याने पलीकडून टोपलीमागून टोपली टाकली. नदीकाठचे विद्यालय असे हरले की टोपल्या मोजायलाही कोणी थांबले नाही.

आता खरा राग येण्यासारखी गोष्ट सांगतो. हरल्यावर जंगल चिडले. पण कोणावर? द्रोण गिळून बसलेल्या गुरुजींवर नाही. दोन्हीकडून वाटा घेणाऱ्या कोल्ह्यावर नाही. हुप्प्याबद्दल तर मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "चालायचंच, ज्याचं त्याचं पोट असतं." मग पळसाखाली येऊन सगळे वर तोंड करून ओरडले, "गद्दार! विद्यालयाचं मीठ खाल्लं आणि ऐन वेळी पाठ फिरवली!" आणि त्यांच्यात सर्वांत पुढे उभे राहून अस्वलगुरुजी हळहळत होते, "हल्लीच्या पिल्लांत निष्ठाच राहिली नाही हो!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. कोणते मीठ खाल्ले होते तिने? मूठभर जांभळे? आणि ते ओरडणारे तरी कोण होते? तिला काढले त्या दिवशी यांच्यातला एकही विचारायला आला नव्हता, की ती शेकरू कुठे गेली.

गर्दी पांगल्यावर शेकरू खाली उतरली आणि चौशिंग्याजवळ बसून रडली.

"दादा, मी गेले असते तर?"

"तर आज टाळ्या पडल्या असत्या," चौशिंगा म्हणाला. "आणि उद्या तुझ्या जागी दुसरं कोणी असतं."

"ते कळलं रे मला. पण मला खेळायचं होतं. एकदा तरी."

चौशिंग्याने पळसामागचे कवठ आणून तिच्या हातात ठेवले.

त्या वैशाखानंतर विद्यालयात कोणी आपले पिल्लू पाठवले नाही. ज्या घरी विचारावे तिथून एकच जबाब येई, "तीन वर्षं राबायचं आणि जागा विकत आलेल्याला, त्यापेक्षा पोरगं घरीच बरं." गुरुजींना खेळाडू मिळत राहिले, दर वर्षी नवे पाच. विद्यार्थी मात्र पुन्हा एकही मिळाला नाही.

तात्पर्य : जो स्वतः कोणाशी निष्ठा राखत नाही, त्याला इतरांकडे ती मागण्याचा हक्क नाही, आणि आपणच हाकललेल्याला गद्दार म्हणणे हा तर शुद्ध निर्लज्जपणा.