बंधाऱ्याच्या सात पायऱ्या

फार पूर्वी एका कोळीवाड्यापुढे दगडी बंधारा होता. त्याच्या सात पायऱ्या उतरून धाकूबाय दर नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायची. वर्षामागून वर्षं पाणी वर येत गेलं आणि एका पुनवेला तिला दोनच पायऱ्या उतराव्या लागल्या.

"बरा झाला, माजे गुडघे वाचले," ती म्हणाली.

बंधारा फुगला. "पाहिलंस? समुद्र स्वतः माझ्या भेटीला वर येतो."

पायरीच्या फटीत राहणारी खेकडी म्हणाली, "दादा, त्याच्यापायी मी पाच बिऱ्हाडं बदलली. लोकांना सांग, तुझ्यावर आणखी थर चढवायला."

"भेटीला येणाऱ्या पाहुण्याला कुणी भिंत आडवी घालतं का?" बंधारा हसला.

खेकडी पिल्लं घेऊन टेकडीकडे निघाली.

पुढच्या पुनवेला धाकूबायनं नारळ सोडला, तो आपल्या घराच्या उंबऱ्यावरून.