पंचांच्या जेवणाचा मेंढा

फार मागची गोष्ट, लहानांनी ऐकावी आणि थोरांनी तर जरूर ऐकावी. एका गावात एक माळी होता आणि एक धनगर. धनगराच्या मेंढ्या माळ्याच्या वांग्यांत शिरल्या. माळ्याने काठी फेकली, एक कोकरू लंगडं झालं. दोघं तणतणत पंचांपुढे गेले.

गावची रीत अशी, की ज्याची चूक ठरेल त्याने पंचांना जेवू घालायचं. पंच तरी रिकाम्या पोटी किती ऐकणार? बोलणं लांबत गेलं, तेव्हा धनगराने तूर्त आपला एक मेंढा दिला.

पण निकालाची वेळच आली नाही. दोघांना आपणहून शहाणपण सुचलं. मेंढ्या रात्री माळ्याच्या मोकळ्या रानात बसवायच्या, म्हणजे त्याला लेंडीखत. उन्हाळ्यात त्याच्या विहिरीवर मेंढ्यांना पाणी. पंचांनी धनगराची लोकर आणि माळ्याचं अंबाडीचं सूत एकत्र पिळून लिंबाच्या फांदीला गाठ मारली. ती गाठ आहे तोवर चूक कुणाची, हे विचारायचं नाही. दोघं एका ताटात जेवले. मेंढ्याचं नाव कुणी काढलं नाही.

पुढल्या हंगामात वांग्यांनी झाडं वाकली. बाजारात कुणीतरी धनगराला डिवचलं, "मेंढा तुझा गेला आणि मळा त्याचा पिकला होय?"

झालं, किडा डोक्यात शिरला. बायको म्हणाली, "अहो, ताटावर बसलात तेव्हा बोलायचं होतं. आता राहू द्या."

"मेंढ्याचं काही नाही गं. न्यायाचं आहे."

असं म्हणणाऱ्याला मेंढाच हवा असतो, हे माझ्याकडून ऐकून ठेवा.

धनगर मेंढ्याची भरपाई मागायला पंचांकडे गेला. त्यांच्यातला म्हातारा पंच कळवळला. "बैल गेला अन् झोपा केला, तशी गत तुझी. मेंढा कुणी सोसायचा हे चुकीवर ठरतं. चूक पाहायची तर गाठ सोडावी लागेल. सोडू?"

माळ्याने "घे बाबा तुझा मेंढा" म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण तोही ताठला. "सोडा. होऊनच जाऊ द्या."

गाठ सुटली आणि जुने शब्द पुन्हा बाहेर आले, पहिल्यापेक्षा विखारी. पंच पुन्हा बसले, पुन्हा जेवले, धनगराचा आणखी एक मेंढा गेला. निकाल लागला: चूक दोघांची सारखी, खर्च निम्मा निम्मा.

"आता गाठ पुन्हा बांधा की," धनगराची बायको म्हणाली.

"एकाने लोकर अन् दुसऱ्याने सूत आणलं तरच ती बांधता येते," म्हातारा पंच म्हणाला. कुणीच काही आणलं नाही.

उन्हाळ्यात तळं आटलं. कळप पाण्याच्या वासाने माळ्याच्या कुंपणाशी येऊन थांबला. माळी मोटेवर होता. त्याला वाटलं, याने हाक मारावी, मी पाणी देतो. धनगराला वाटलं, याने बोलवावं, मी जातो. माळी मोट हाकत राहिला. धनगराने कळप लांबच्या नदीकडे वळवला. त्या लंगड्या कोकराची आता मेंढी झाली होती, ती तेवढं चालू शकली नाही. त्याने तिला खांद्यावर घेतलं, पण वाटेतच तिने मान टाकली.

माळ्याच्या कानावर हे गेलं. अंबाडीचं सूत घेऊन तो लिंबाखाली जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत बसला. धनगर मुलूख सोडून गेला होता.

म्हणून सांगतो: खर्चाचं बोलणं तडजोडीच्या ताटावरच संपवावं, मागाहून उकरलं, तर त्यासोबत तडजोडही उखडते.