दरबाराने सुधारलेली अंगाई

कोणे एके काळी, राजेसुद्धा दुपारी जेवून निवांत लवंडत त्या काळी, एका राज्यात एक अंगाईवाली राहत होती. गावोगाव फिरून ती लोकांची मुलं निजवायची आणि मिळेल त्या शिध्यावर पोट भरायची. तिची अंगाई तिने स्वतः रचली होती. तीत एक गाय गोठ्यात येते, बसते आणि रवंथ करते. बस्स, एवढंच. पाळणा मंदावला की तिचा सूरही मंदावायचा. गाय रवंथाला लागेपर्यंत मूल गाढ झोपलेलं असे.

त्या राज्याचा राजपुत्र नुकता बोलायला लागला होता आणि दुपारी झोपायचं नाव घेत नसे. तो झोपेना म्हणून राणी झोपेना, आणि राणी जागी असताना घोरायची राजाची काय बिशाद? शेवटी अंगाईवालीला बोलावणं गेलं.

आता या दरबाराचा एक रिवाज होता. बाहेरून कोणतीही कला आली, की आधी दरबाऱ्यांनी ती सुधारायची. अंगाई ऐकून प्रधानजी म्हणाले, की यात महाराजांचं नावच नाही. गाय नुसती बसते, यात कसला पराक्रम, असं सेनापतींना वाटलं. त्यांनी गाय काढून घोडा आणला, त्यावर महाराजांना बसवलं आणि गोठ्यावर शत्रूला चाल करायला लावली. राजकवींनी शेवटी नगारा घातला.

अंगाईवालीला हे मुळीच पटलं नाही. पण 'राजगायिका' ही पदवी समोर दिसली आणि तिने मान डोलावली. लगेच फर्मान निघालं, की यापुढे राज्यात ही अंगाई गायची ती सुधारलेलीच.

दुपारी तिने गायला सुरुवात केली. शत्रू चालून आला तसा राजपुत्र ताडकन उठून बसला. नगारा वाजला तेव्हा तो पाळण्यात नाचत होता. दरबाऱ्यांनी यावर खूप विचार केला आणि एकमताने ठरवलं, की गाण्यात हत्ती कमी पडले.

गावांत याहून वाईट झालं. लढाई ऐकून तान्ही मुलं भोकाड पसरत. अंगाईवाली येताना दिसली की आया दारं लावून घेऊ लागल्या. बिचारी पारावर बसून रडली. शिधा बंद झाला याचं दुःख होतंच, पण आपली गाय आपणच हाकलून दिली, हे तिला जास्त लागलं.

डोळे पुसून ती थेट राजवाड्यात गेली.

"महाराज, तुमची पदवी तुम्हाला परत. माझी अंगाई मी रचली तशीच गाईन. ऐकायची तर तशी ऐका, नाहीतर मला जाऊ द्या."

हिला कोठडीत टाका, असं प्रधानजी म्हणाले. पण कित्येक दिवस डोळ्याला डोळा न लागलेली राणी तिथेच बसली होती.

"प्रधानजी, आज तुम्ही जरा गप्प बसा," ती म्हणाली.

अंगाईवालीने पाळण्याची दोरी हाती घेतली. गाय गोठ्यात आली.

"मग?" राजपुत्राने विचारलं.

गाय बसली.

"मग?"

गाय रवंथ करू लागली. पुढचा 'मग' काही आला नाही. राणी पेंगली. राजा गालिच्यावर आडवा झाला. सेनापती उभ्या उभ्या घोरू लागले. प्रधानजींना एक शेवटची सुधारणा सुचवायची होती, पण तोंड उघडलं तर जांभईच बाहेर पडली.

दिवेलागणीला राजा जागा झाला. त्याने आधीचं फर्मान रद्द केलं आणि नवं काढलं, की कलावंताने विचारल्याशिवाय कुणी सुधारणा सुचवायची नाही. अंगाईवाली पुन्हा गावोगाव हिंडू लागली, सवड मिळेल तेव्हा राजवाड्यात येऊ लागली. ती येई त्या दुपारी दरबारी मंडळी सगळ्यांच्या आधी उशा घेऊन हजर असत.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: मानाच्या मोहाने आपलं गाणं दुसऱ्याच्या हाती सोपवलं, तर मान मिळतो, पण गाणं आपलं राहत नाही.